फिल्म

काठ सापडायलाच अर्धा तास जातो.
बॉनेटच्या टोकाशी नखानं चाचपायचं,
हीट गन फिरवत राहायची. हात थांबला की रंगच उचलतो,
हे फैयाज उस्तादांनी एका थपडेत शिकवलं.

माहुलच्या रस्त्यालगत नऊ वर्षं उभी होती ही गाडी.
रिफायनरीची काजळी, खारा वारा, कावळे.
फिल्म पिवळी पडलेली, विडी ओढणाऱ्याच्या दातांसारखी.
ओढली की तुकडा तुकडा येते,
अखंड म्हणून येत नाही.

टिपणीस बाई स्टुलावर बसून बघतायत.
"पांढरी होती होय," म्हणाल्या एकदा,
आणि चहा गार होऊ दिला.

गोंद उरतोच.
सॉल्व्हंटचा बोळा, अंगठा, परत बोळा.

डाव्या दारावर, फिल्मखालून, ओरखडा निघाला.
वीतभर. कोरा करकरीत,
कालच पडल्यासारखा, गंजाचा ठिपकासुद्धा नाही.
म्हटलं, बफ मारून घालवतो.

त्या उठल्या. बोट फिरवलं त्यावरून.
"सोसायटीच्या गेटचा आहे. शिकत होते मी,
एक्कावन्नाव्या वर्षी.
ह्यांना सांगितलं, पाण्याच्या टँकरनं घासली.
आठ दिवस टँकरवाल्याला शोधत होते बिचारे,
मग दमून फिल्म लावून आणली."

साबणाचं पाणी मारलं. नवी फिल्म ताणून बसवली,
रबरी पट्टीनं बुडबुडे काठाकडे ढकलत
ओरखड्याशी आलो, थांबलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या.
"दहा वर्षांची गॅरंटी आहे ना?"