पाच मिलिमीटर उंचीत

ओकायाला, सुवा तळ्याच्या काठी,
जानेवारीत रात्री बर्फ फुटतो
आणि त्याचा कडाका
कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो.
मी तेव्हा चौथ्यांदा तोच खटका काढत होतो.

दोन तारांची जोडणी.
छपाईयंत्राच्या पोटात, मोटारीच्या मागे,
जिथे पाच मिलिमीटरच उंची उरलीय.
गिऱ्हाइकाने तेवढीच दिली, वर ‘कृपया’ लिहून.
तार तरी कसली, सात केसांची वेणी.
तिला धरायला फॉस्फर-ब्राँझची एक जीभ,
तांदळाच्या दाण्याहून बारीक,
वाकवलेली, टोकाशी पुन्हा उलटी वाकवलेली,
म्हणजे धरेल, पण चावणार नाही.
वर नायलॉनचं घर. घराला खटका.
लागला की ‘टिच्’,
मग कितीही थरथर होवो,
वीज एका क्षणालाही अडखळायला नको.

खाली चाचणीच्या बाकावर हानाओका-सान बसत.
वय अडुसष्ट.
पोरसवदा होत्या तेव्हा याच गावात रेशीम उकलत,
कढत पाण्यातून कोशाचं टोक शोधून
तुटला धागा चालत्या चाकावर सांधत.
त्याबद्दल विचारलं की म्हणत,
‘वास फार यायचा,’
आणि विषय संपायचा.

दिवसाला चारशे वेळा लावायचं, चारशे वेळा काढायचं.
तक्ते सुबक अक्षरात वर येत:
लावायला नऊ न्यूटन, काढायला सोळा,
निसटलेल्या तारा: शून्य.
त्या शून्याकडे मी जरा जास्तच वेळ बघायचो.
एका तक्त्याच्या कडेला तपकिरी डाग होता.
चहा असेल, म्हटलं.
दुसऱ्या दिवशीही होता, त्याच जागी.
मग खाली गेलो.
अंगठा त्यांनी दाखवला नाही, मला दिसला:
पट्टी, आणि पट्टीवर पट्टी.

माझा आराखडा त्यांनी आधी उलटा धरला,
मग सुलटा, मग दिव्याशी नेला.
‘कोगुची-सान,
यात बोट कुठे काढलंय?’

सगळं काढलं होतं.
छेद, कडा, गोलाई, मापांना अधिक-उण्याच्या शेपट्या,
बळ दाखवणारा बाण, बाणाशी सोळा,
जणू ते सोळा न्यूटन
आभाळातूनच उतरणार होते.

साचेवाले मासुझावा ऐकेनात.
‘पोलाद कापून झालंय.
कापलेलं पोलाद अजून खरवडता येतं,
परत चिकटवता येत नाही.’
आणि कानात पुन्हा बोळे घालून
ते घासणीच्या चाकाकडे वळले.
जिना चढताना मी ते वाक्य तीनदा म्हटलं.
साचा खरवडला
तर त्यातून निघणारा नायलॉन
तेवढाच वाढतो.
म्हातारा ‘नाही’ म्हणालाच नव्हता.

खटक्याच्या पाठीवर एक ओठ.
चार दशांश मिलिमीटर.
नखाने नव्हे, बोटाच्या मांसानेच उचलावा इतका.
काढताना पहिल्यांदाच मी
अंगठा कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली,
लहान मुलं फिरवतात तशी.
उंची भरली चार पूर्णांक ब्याण्णव.
उरलेले आठ शतांश
माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी मोकळी जागा.

मार्चमध्ये, तळं मोकळं झाल्यावर,
नवे नमुने आले, अजून ऊबदार, पांढरे,
मुंगळ्याच्या डोक्याएवढे.
हानाओका-सान चष्मा कपाळावर चढवून
डोळे मिटून तपासू लागल्या.
टिच्. सुटलं. टिच्. सुटलं.
चाळीस वेळा. पट्टी कोरडी.
‘बरं आहे,’ म्हणाल्या.
ओकायात याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

मी वळलो, तर मागून,
‘पण शेजारची फुजिमोरी डावखुरी आहे.’

वर येऊन दिवा लावला.
नवा कागद पसरला.
डावा अंगठा त्यावर ठेवला
आणि बराच वेळ
तो कसा वाकतो ते बघत राहिलो.