वरचे अकरा दिवस

दिवस भरले म्हणतात ना,
तसे माझे भरले, काठोकाठ झाले,
मग सांडायला लागले.
नवऱ्याने कॅलेंडरवर केलेला तांबडा गोल
मागच्या पानावर गेला.

वडगावच्या गल्लीत माग सुरू व्हायच्या आधी
दारातून एकेक डोकं आत यायचं,
"अजून न्हाई?"
"न्हाई."
भाजीवाली यल्लव्वासुद्धा टोपली उतरता उतरता
पोटाकडे बघून म्हणायची, "इन्नू इल्ल?"
दोन्ही भाषांत उशीर माझाच.

किट्टूच्या वेळी असं नव्हतं.
तो रिक्षातच यायला निघाला होता.
तिसऱ्या गेटाला फाटक पडलेलं,
मालगाडीचे डबे मोजत मी दात आवळून बसले,
एकेचाळीसपर्यंतचे आठवतात.
त्याच्या कळा त्याने स्वतः आणल्या होत्या.

हिच्या मागवाव्या लागल्या.
सकाळी सहाला जेल.
बारापर्यंत काही नाही,
पलंगाखाली एक मांजर
आणि पडद्यापलीकडल्या बाईचं ओरडणं.
मग सलाईन.
थेंब.
थेंब.
माग अडला की सासरे तेल सोडतात आणि कान लावून उभे राहतात,
तशा हंजीबाई चाक फिरवून थेंब वाढवायच्या
आणि माझ्या पोटाला कान देऊन थांबायच्या.

मागवलेल्या कळा वेगळ्या असतात.
कडी वाजवत नाहीत, खाकरत नाहीत,
पहिल्या पावलालाच थेट माजघरात.

मनगटाच्या पट्टीवर माझं नाव कानडीत.
शाळेत शिकलेली ती गोल गोल अक्षरं
कळ ओसरली की लावत बसायचे:
वै...
ज...
पुढच्या अक्षराआधी पुढची कळ.

पाणी हिरवं आलं तेव्हा
कुणीच काही बोललं नाही.
ते गप्प बसणं मात्र
मला अडखळत वाचावं लागलं नाही.

मग सगळ्या एकदम धावल्या.
नीलव्वा आयाने माझा गुडघा छातीशी धरला,
"ब्यानी तिन्नव्वा, तिन्न!"
कानडीत वेणा खायच्या असतात,
आमच्यात द्यायच्या.
सकाळपासून उपाशी होते, खाल्ल्या.
शिव्याही दिल्या.
नीलव्वाला त्यातल्या सगळ्या येत होत्या.

शेवटी ती ओरडली, "आत, आत, आत!"
म्हणजे झालं, झालं.
मला ऐकू आलं ते आमचं आत.
अजून आतच?
घाबरून मी
होतं नव्हतं ते सगळं खाली ढकललं.

हेण्ण कूस, कुणीतरी म्हणालं.
पण ती रडेना.
त्यांनी तिला दिव्याखाली नेलं, नाकात नळी घातली,
सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे.
मला बघायला फक्त बाटली उरली.
एक थेंब. दोन.
सातव्याला ती रडली,
चिडून,
झोपमोड केल्यासारखी.

फार वेळ धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली बोटं,
घोट्याजवळ कातडीचा पापुद्रा सुटलेला,
आणि नखं. बाई गं, ती नखं!
सासूबाई दुपट्यात घेत म्हणाल्या,
दूध आचेवर जास्त राहिलं म्हणून काय नासतंय व्हय,
कुंदा होतोय त्याचा.
नवऱ्याने ते शब्दशः घेतलं,
शहापुरातून अर्धा किलो आणला,
पहिला डबा नीलव्वाला.
किट्टूने लांबूनच बघितलं.
"एवढा उशीर करून एवढीशीच?"

रात्री तिच्या गालावर लाल ओरखडा दिसला.
दुसऱ्या कुणाचा नव्हता.
रात्री नखं काढू नयेत म्हणतात.
मी दातांनी कुरतडली,
वरचे अकरा दिवस, एकेका बोटावरून,
आणि गोळ्यांच्या कागदात गुंडाळून उशाशी ठेवली.

सकाळी केर काढताना
नीलव्वाने नेली.