पहिली गोळी

कॅल्युमेटच्या बाहेर, खडीच्या बंद पडलेल्या खाणीत
दोनशे यार्डांवर कागद ठोकलाय.
सरोवरावरून एप्रिलचा वारा येतोय,
सावलीत अजून बर्फ, मळका, चिवट.
इसा पिकअपच्या मागच्या फळीवर बसलेत,
साखरेचा खडा दाताखाली,
थर्मासची कॉफी बशीत.
बशी हलते.
आम्ही दोघंही तिच्याकडे बघत नाही.

बोल्टची बंदूक एका जागी बसून असते,
ही नांदती आहे.
एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण चढते,
दांडा मागे, दांडा पुढे, स्प्रिंग, वायूची नळी,
घरात सारखी ऊठबस.
हिचा नेम सुधारायचा तर
भांड्याला भांडं कुठं लागतंय ते शोध,
इसा म्हणाले होते, नाताळच्या दुसऱ्या दिवशी.

जानेवारीभर मी तेच शोधलं.
मेणबत्तीची काजळी दांड्यावर धरली,
बंदूक जोडली, पन्नासदा रिकामी ओढली, उघडली.
जिथं काजळ पुसलं गेलं
तिथं लाकूड घासत होतं, ओठाच्या कडेएवढं.
काचपेपरचे दोन हात. पुन्हा काजळी.
आणखी?
नको. लाकूड परत येत नसतं.

तांब्याच्या खाणीत तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
वाइनो लाक्सोनेन,
इंचाचा हजारावा भाग नखानं ओळखायचा.
आता चेकवर सही मी करते.

फेब्रुवारीत दस्त्याच्या खोबणीत राळ ओतली,
लोखंडाला आधी मेण चोपडून.
दोन दिवसांनी ते निघेनाच.
मी रडकुंडीला आले.
इसांनी सगळं तसंच अंगणात ठेवायला लावलं,
उणे वीस, रात्रभर.
पहाटे टक् झालं.
लोखंड आकसून सुटलं होतं, साचा शाबूत.
"आमची थंडी एकदाची कामाला आली," म्हणाले.

एका वेळी एकच बदल. मग झाड. मग लिही.
वहीत आहे सगळं:
आधी आठांतल्या पाच बशीत मावत नव्हत्या.
नळीचं पुढचं टोक खिळखिळं होतं, ते घट्ट केलं,
तर सहा आत.
राळेनंतर सात, तेही कपाच्या तोंडाएवढ्यात.
आणि एक बाहेर.
दोन बोटं वर, डावीकडे. प्रत्येक क्लिपला.

मला वाटलं माझाच श्वास चुकतोय.
खांदा बदलला, पट्टा आवळला,
बोट इतकं हळू ओढलं की खटका सुटला तेव्हा मीच दचकले.
तरी सात आणि एक.

इसांनी दुर्बीण मला परत दिली.
ती पहिली आहे, म्हणाले.
पहिली तू हातानं चढवतेस,
बाकीच्या ती आपल्या धक्क्यानं घेते.
बसण्यात फरक पडतो.
आणि मग उपाय?
उपाय नाही. ती कुठं जाते ते ठाऊक असावं.

मग त्यांनी बशी फळीवर ठेवली,
हात पुढं केला.
दोन वर्षांनी.
मी एकच गोळी दिली, त्यांनी एकच मागितली.
चढवायला वेळ लागला.
मी वाऱ्याकडे बघत राहिले, गवताकडे, कशाकडेही.

आवाज खाणीच्या भिंतीवरून दोनदा परत आला.

कागदापर्यंत मी चालत गेले आणि आले.
लिही, म्हणाले.
एक. हातानं भरलेली.
कागदावर सापडली नाही.
मी लिहिलं.
वाऱ्याचा वेग विचारायचा राहिला.