दोन डबे

पाण्याच्या टँकरमधून उतरली चुकुलिसा,
काखेत बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा, मुठीत कोळसा.
काळ्या दगडांच्या या माळावर
बाभळीची सावली होती तेवढी एकच.
तिच्यात बसलो आम्ही तिघी, आणि एक शेळी,
जिला धंद्यात काही रस नव्हता.

भांडवल म्हणजे काय? तिनं विचारलं.
दोकातु म्हणाली, तीन दुष्काळांनी जे खाल्लं, ते.
चुकुलिसा हसली नाही.
पुठ्ठ्यावर तिनं एक उंटीण काढली, जरा कुबड चुकलेली,
म्हणाली, ही उंटीण भांडवल, दूध नफा.
पाहुणा आला म्हणून उंटीण कापायची नाही.

हे आम्हाला शिकवायला नको होतं.
उंट गेले, पण उंटांची अक्कल
आमच्यात अजून चरते आहे.

मिळालेल्या शिलिंगांतून मग एक पोतं साखर,
चहापत्ती, काड्यापेट्या, टॉर्चचे सेल.
मार्साबिटची लॉरी दोन रात्री वाळूत रुतून आली.
पहिल्या गिऱ्हाइकानं भवानी केली,
गालगालोची म्हातारी आई,
नाणं आधी कपाळाला लावून मग दिलं.

पोतं संपलं. हाती उरलं पोतंच.
चुकुलिसानं माझा टमलर मागितला, म्हणाली, भर.
मी भरला, जसा आई भरायची,
वर शीग लावून, कडेनं सांडेपर्यंत.
ही शीग कुणाच्या खिशातली, तुम्मे?

मी काय सांगणार.
सपाट माप म्हणजे आमच्यात
पाहुण्याला उंबऱ्यातूनच वाटेला लावणं.
त्या दिवसापासून टमलरावरून सुरीची पाठ फिरवते मी
आणि फिरवताना समोर बघत नाही.

डबे दोन. हिरवा दुकानाचा, पिवळा घराचा.
हिरव्यातलं पिवळ्यात गेलं तर सांगून, मोजून.
आणि उधारी नाही. दिराला नाही, दाईला नाही,
आपल्याला तर नाहीच नाही:
हे सर्वांत मोठ्यानं बोलली होती दोकातु.
तिघींनी अंगठे उठवले त्याखाली.

तीच दोकातु आली, चंद्र नव्हता त्या रात्री.
एलेमाला सकाळपासून जुलाब.
दवाखान्यातल्या बाईनं सांगितलेलं पाणी करायचं,
उकळून गार केलेलं, मीठ, साखर.
मीठ इथं चालबीच्या भुईवर फुकट पडलेलं असतं,
मैलोगणती, पांढरं,
वाऱ्यानं घरात येतं, न बोलावता.
साखर येत नाही.

ती मागत नव्हती. दारात उभी होती नुसती.
नियम तिचाच होता, तो कसा मोडावा
हे तिला सुचत नव्हतं, मलाही.

मग मी माझीच गिऱ्हाईक झाले.
पिवळा डबा उघडला, चाळीस शिलिंग मोजले,
हिरव्यात टाकले, झाकण लावलं.
स्वतःच्या दुकानातून साखर विकत घेतली,
भाव न करता,
आणि टमलर भरला. सुरी
हाताशीच होती. उचलली नाही.

महिना भरला. चुकुलिसा आली, पुठ्ठा मऊ पडलेला.
हिरवा डबा नाण्याला नाणं बरोबर.
पिवळ्यात चाळीस कमी.
घरखर्च? तिनं विचारलं.
मी हो म्हणाले.
दोकातु शेळीच्या कानातली गोचीड बघत बसली.
एलेमा सावलीच्या कडेला दगडांवर दगड रचत होता,
पडले की हसत होता.

पदराला खार लागलेली बाई कशी ओळखायची
हे चुकुलिसाला कोणत्या शाळेत शिकवलं, ठाऊक नाही.
दोनच रकाने होते पुठ्ठ्यावर, दोन्ही भरलेले.
ती थोडा वेळ कोळसा बोटांत फिरवत राहिली.
मग चाळीस तिनं लिहिले
उंटिणीच्या पोटाखाली,
जिथं पिल्लू उभं राहतं.