एक पॉइंट नऊ

तेजलनं रात्री वही मागून उघडली,
पुढच्या बाजूला तिचं कॉलेजचं कॉस्टिंग आहे.
म्हणाली, पप्पा, टेप धरा जरा.
भिंतीला टाचा चिकटवून उभी राहिली.
मी कॅलेंडरच्या शेजारी पेन्सिलीनं खूण केली:
एकशे एकसष्ट.
वजन सत्तावन्न. ते तिला पाठ,
अप्परच्या जिममधला काटा रोज सांगतो.

मग गणित. वजन गुणिले दहा,
उंची गुणिले सव्वासहा,
वयाची पाचपट वजा, एकोणीस पंचे पंच्याण्णव,
आणि बाईमाणूस म्हणून वर एकशे एकसष्ट वजा.
उंचीएवढेच? मी विचारलं.
योगायोग, म्हणाली. पेन थांबलं नाही.
उरले तेराशे वीस.
एवढं नुसतं पडून राहायला लागतं, पप्पा,
श्वास घ्यायला, रक्त फिरवायला.

पडून राहण्याचंही भाडं असतं
हे मला नवीन.

पुढे तक्ता. खुर्चीतलं काम, एक पॉइंट दोन.
आठवड्यातून चार दिवस लोखंड उचललं
तर एक पॉइंट पाच पाच.
दोन हजार शेहेचाळीस आले.
त्यातून तीनशे काढायचे, म्हणजे चरबी झडते,
कट्स दिसतात. सतराशे शेहेचाळीस.
पण प्रोटीन शंभर ग्रॅम, त्यात तडजोड नाही.
हे तिनं आईकडे बघून सांगितलं.
आई डाळ निवडत होती.

कट्स म्हणजे?
तिनं माझ्या पाठीकडे बोट केलं.
मे महिना, मी बनियन काढून बसलेलो.
पोरं ह्याच्यासाठी वर्षाचे अठरा हजार भरतात, म्हणाली.
असेल.
माझी पाठ मी कधी पाहिली नाही,
ती पोत्याला दिसते.

आता तुमचं, म्हणाली.
वय एकोणपन्नास, उंची एकशे पासष्ट,
वजन बासष्ट, भुसार बाजारातल्या काट्यावरचं,
चपला धरून.
चपला वजा करू का? नको, राहू दे.
पुरुषाला पाच अधिक मिळतात.
चौदाशे अकरा.
मग तक्त्यात ती खाली खाली गेली,
दिवसाला दीडशे पोती, पन्नास किलोचं एक,
ट्रकपासून थप्पीपर्यंत.
शेवटची ओळ: फार कष्टाचं काम, एक पॉइंट नऊ.
पान उलटून बघितलं तिनं.
त्याच्या खाली ओळच नव्हती.

दोन हजार सहाशे एक्क्याऐंशी.

काय काय खाता सांगा, खरं खरं.
सकाळी चहा, दोन खारी.
डब्यात दोन भाकऱ्या, पिठलं, कांदा.
चारला चहा. साडेपाचला चहा.
चहात साखर किती चमचे?
ते चहावाल्याला विचार.
रात्रीचं तू बघतेसच.

बेरीज ती ओठ न हलवता करते, शाळेपासून.
सोळाशे नव्वद.
पुन्हा केली. सोळाशे नव्वद.
मग तिनं स्वतःचे सतराशे शेहेचाळीस
बोटानं झाकले.

मी म्हटलं, अगं, घट धरायची.
माल गाडीत भरताना एक वजन, उतरताना दुसरं,
नऊशे-हजाराचा फरक पडतो,
त्याला कोणी चोरी म्हणत नाही.
नऊशे एक्क्याण्णव, म्हणाली.
वीस वर्षं कुठून आणलेत?
मला काय माहीत. गणित तुझं.
वही मिटली. दिवा तिनंच घालवला.

सकाळी डबा उचलला तर हाताला कळलं.
हाताला कळतंच, तोच तर धंदा.
तरी गाळ्यात काट्यावर ठेवून पाहिला:
एक किलो दोनशे दहा.
ओसवालशेठ हसले,
ढेबे, ह्याची तोलाई कुणाच्या नावावर?

तीन भाकऱ्या, मटकी, मूठभर शेंगदाणे गुळासकट,
दोन उकडलेली अंडी, सोललेली.
हरभऱ्याच्या थप्पीमागे उभ्यानं एक खाल्लं.
दुसरं कागदात गुंडाळलं,
घरी न्यावं, तिला शंभर ग्रॅम लागतात.
खिशात घातलंसुद्धा.
मग आठवलं,
वहीत ते माझ्या रकान्यात आहे.