किती कप

पत्र आलं तेव्हा ऑरिन कॉफीत अंडं फोडत होता,
कवचासकट, नॉर्वेजियन पद्धतीनं.
पत्रात एकच ओळ: तुमच्यापैकी एक इथला नाही.
इथला म्हणजे डुलुथचा नव्हे, मिनेसोटाचाही नव्हे.
देल्फीन हसली. मग आम्ही सगळेच हसलो.
आणि हसायचं आधी कोण थांबलं
ते प्रत्येकानं बघून ठेवलं.

वर्तमानपत्रं आम्हाला महानायक म्हणतात.
महानायकांचे मोजे रेडिएटरवर वाळतात,
सिंक कुणी घासायचं यावरून दारं आपटतात.
त्या आठवड्यात सिंक लखलखत होतं.
जो तो घासत होता,
जो तो माणसासारखा वागत होता.

लीलंडला तीन मैलांवरची धडधड ऐकू येते.
तो म्हणाला, पाच हृदयं आहेत. पाचही घाबरलेली.
यापुढे मला विचारू नका.

तरी आम्ही विचारत सुटलो, एकमेकांना.
टू हार्बर्सच्या आगीत मी तुला काय म्हणाले होते?
इर्यानं शब्द न् शब्द सांगितला,
मधला खोकलासुद्धा.
त्या रात्री माझा डोळा लागला नाही.
माणूस म्हणजे गळकं भांडं,
इतकं काठोकाठ कुणाला आठवतं?
(तो खोकला मलाही आठवत होता.
हे मी कुणाला सांगितलं नाही.)

मग आम्ही चुकू लागलो, मुद्दाम.
ऑरिन गेलेल्या बायकोचं नाव विसरला,
देल्फीननं आपला वाढदिवस मार्चात नेला,
मी उडता उडता दिव्याच्या खांबावर आदळले
आणि सुजलेला खांदा
सगळ्यांना दिसेल असा शेकत बसले.
खोल्यांना आतून कड्या आल्या.
जेवताना पाचही पाठी भिंतीला.

चार डिसेंबर. वारा ईशान्येचा.
‘मार्गुराइट हेल’, सातशे फूट, पोटात लोहखनिज,
कालव्याच्या तोंडाशी आडवी झाली.
संशय घ्यायला वेळ नव्हता,
विश्वास ठेवायलाही नव्हता.
ऑरिननं पोलाद वाकवून भगदाड शिवलं.
देल्फीन वाऱ्याला छाती देऊन उभी.
लीलंड सांगत गेला कुठल्या खोलीत कोण जिवंत आहे,
मी एकेकाला काखेत धरून धक्क्यावर.
इर्या खाली गेली, जहाजाच्या कण्याखाली,
आणि तिनं ते पेलून धरलं.
तिचा श्वास चार मिनिटं टिकतो, आम्हाला माहीत आहे.
एकोणिसावा खलाशी उतरवताना मी घड्याळ पाहिलं:
एकतीस.

वर आली तेव्हा दंड फाटलेला
आणि बर्फावर ठिबकत होतं ते जांभळं,
फिकट, पाण्यात शाई सांडावी तसं.
ती आमच्याकडे बघत होती.
पुलाकडून कॅमेरे धावत येत होते.
लीलंडनं गळ्यातला मफलर सोडला आणि त्यावर टाकला.
ऑरिन बुटानं बर्फ ओढू लागला.
देल्फीन वाकली. मी वाकले.
कुणी काही ठरवलं नव्हतं.

खरी कुठे आहे? देल्फीननं विचारलं,
टाके घालता घालता, हात न थांबवता.
इर्या बराच वेळ सुईकडे बघत राहिली.
आठवत नाही, म्हणाली.
सगळं आठवणारी.

खोटं असेल. आमच्याकडूनच शिकली असेल.
की आमच्यात राहून राहून
तिचं भांडंही गळू लागलं होतं?
मी लीलंडकडे पाहिलं.
त्यानं दोन्ही कान हातांनी झाकले होते.

ऑरिननं अंडं हातात घेतलं,
किती कप?
मी फडताळ उघडलं, काढत गेले.
टेबलावर सहा झाले.
मोजताना चुकले असेन.
मुद्दाम नाही.