अडतीस अंश

लेम्पीने फ्रीझर चाळीस डॉलरला दिला,
अट एकच: आत जे आहे ते तुम्हीच संपवायचं.
आत हरणाच्या मांसाच्या सहा पुड्या,
दगड झालेल्या ब्लूबेरी,
आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ट्राउट मासा,
त्यावर विल्होच्या अक्षरात तारीख आणि वजन,
वजनापुढे उद्गारचिन्ह.
मासा आम्ही खाल्ला. चांगला नव्हता.
तिला सांगितलं, छान होता.

आम्ही म्हणजे मी आणि रॉडनी पेल्टोनेन,
हॅन्कॉकच्या स्कूलबसच्या गॅरेजातले,
तो इंजिनं बघतो, मी ब्रेक.
बिअर घरी करायला लागलो त्याला तीन वर्षं झाली,
बाटल्या धुऊन धुऊन बोटं सोलली,
म्हणून आता पिंपं, म्हणून नळ,
म्हणून हे शवपेटीएवढं पांढरं खोकं.
(शवपेटी हा शब्द रॉडनी लेम्पीसमोर बोलून गेला.
ती म्हणाली, "विल्हो त्यात मावला नसता.")

भिंतीला भोक पाडायचं नाही, हे पहिलं.
पत्र्याच्या कातडीखाली शिरा आहेत,
कुठून कुठे जातात कुणाला ठाऊक नाही,
एक फुटली की बावीस वर्षांचा गारवा
फुस्स करून निघून जाणार.
म्हणून झाकण उचलायचं,
खाली लाकडाची चौकट बसवायची
आणि काय भोसकायचं ते त्या लाकडाला.
रॉडनीने दोनदा मोजलं, मी एकदा कापलं,
तरी फळी पाव इंच कमी.
फट सिलिकॉनने भरली.
रॉडनी म्हणाला, माझं दुसरं लग्नही असंच.

तीन नळ. गॅसचं नळकांडं कोपऱ्यात,
कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर.
सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं
तर एका ठिकाणी बुडबुडा हळूच फुगला,
मागच्या सीटवरच्या पोराने च्युइंगगम फुगवावं तसा,
मी आरशात बघत नाहीये असं समजून.
पाना, आणखी पाव फेरा.

पहिला ग्लास सगळा फेस.
दुसराही.
तिसरा रॉडनी चमच्याने खाऊ लागला.
नळी आखूड होती, चारच फूट,
आणि बिअरला घाई झाली की ती अंगावर येते.
दहा फुटांची आणली, वेटोळं करून पिंपावर ठेवली.
आता ती वळणावळणाने येते,
जरा दमून, जरा शहाणी होऊन,
वर दोन बोटं फेस.

मग जानेवारी.
गॅरेजात शून्याखाली अकरा फॅरनहाइट,
म्हणजे फ्रीझरच्या बाहेर फ्रीझरपेक्षा जास्त थंडी.
आत बिअर गोठायला नको
म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात
चाळीस वॅटचा बल्ब सोडला
आणि थर्मोस्टॅटला उलटा धडा दिला:
अडतीसच्या खाली गेलं की दिवा लाव.
गोठवणं सोडून ज्याला काही येत नव्हतं
त्याला म्हातारपणी ऊब राखायची नोकरी.

लेम्पी आली, बुटांवरचा बर्फ झटकत.
बिअर ती पीत नाही.
अर्धा ग्लास घेतला, हातातच ठेवला,
दुसऱ्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला
आणि तळवा झाकणावर टेकवला.
"हा थांबतो?"
थांबतो, मी म्हटलं. लागेल तेवढाच चालतो.
"आमच्याकडे कधी थांबला नाही.
रात्रभर भिंतीपलीकडे घुर्र.
मी म्हणायचे, बंद कर तो.
विल्हो म्हणायचा, मासा आहे आत."

रॉडनीने रेडिओ बंद केला.
तिघं उभे राहिलो, काहीच न ऐकत.
मग आत टिक् झालं
आणि चौकटीच्या कोपऱ्यात,
जिथे फळी पाव इंच कमी पडली होती तिथे,
सिलिकॉनमधून पिवळा उजेड आला,
बोटभर.

लेम्पीने तो बघितला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"आता खरं सांग," ती म्हणाली,
"मासा कसा होता?"